खोल रिमची चाके आणि राळेगावचा रस्ता

शर्यतीच्या सायकलच्या चाकात आऱ्यांना बाहेरून वेढणाऱ्या कडीला रिम म्हणतात आणि टायर बसतो त्या काठापासून आरे जेथे रिममध्ये शिरतात त्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे त्या रिमची खोली होय. ॲल्युमिनियमच्या रूढ रिमची खोली वीस ते तीस मिलिमीटर असते. तीच ५० किंवा ६० मिलिमीटर करायची म्हटले तर धातूचे चाक अतिशय जड होते, आणि म्हणूनच खोल रिमसाठी कार्बन तंतूंचा वापर सुरू झाला. या तंतूंचे इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवलेले पातळ पट्टे ठरावीक दिशांनी एकावर एक हातानेच रचले जातात, साच्यात दाब आणि उष्णता देऊन ते पक्के केले जातात आणि त्यातून आत पोकळ, बाहेरून पंखाच्या छेदासारखी दिसणारी हलकी रिम तयार होते. अशा चाकांची जोडी घेणारा ग्राहक बहुधा सर्वांत आधी खोलीचा आकडा विचारतो, विक्रेताही तोच आकडा पुढे करतो आणि चाकाच्या बाजूवर तोच मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. यवतमाळ जिल्ह्याच्या ईशान्येकडील राळेगावसारख्या तालुक्यातील रस्ते, ऊन आणि वारा लक्षात घेतले तर मात्र हा आकडा सर्वांत शेवटी पाहावा असे म्हणण्यास सबळ आधार आहे.

खोल रिमचा उपयोग कशासाठी, हे समजण्यासाठी सायकलस्वाराची शक्ती कोठे खर्च होते ते पाहावे लागते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो पार करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट लागते. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन, वारा नसलेला सपाट डांबरी रस्ता आणि ताशी ३० किलोमीटर वेग असे गृहीत धरले, तर हवेपोटी साधारण १०५ वॉट आणि टायरच्या लोटणरोधापोटी, म्हणजे टायर दबून पुन्हा फुगताना वाया जाणाऱ्या ऊर्जेपोटी, तीस-पस्तीस वॉट खर्च होतात. हवेच्या या रोधातला फार मोठा वाटा स्वाराच्या शरीराचा असतो आणि चाकांचा वाटा त्यामानाने लहान असतो, त्यामुळे कोपर वाकवून पाठ खाली आणल्याने जे साधते ते लाखाच्या चाकांनी साधेलच असे नाही. पण वाकून बसण्याला पैसे पडत नसल्यामुळे त्याची जाहिरातही कोणी करत नाही.

ताशी पस्तीस-चाळीसच्या खाली खोल चाके निरुपयोगी असतात असे मत सायकलस्वारांमध्ये सर्रास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. एखाद्या चाकामुळे ताशी ४५ किलोमीटर वेगाला १५ वॉट वाचतात असे धरले, तर घनाच्या नियमाने ताशी ३० ला ती बचत साडेचार वॉटांच्या आसपास उतरते, आणि हे निरुपयोगीपणाचे लक्षण वाटू शकते. परंतु सावकाश जाणारा स्वार तेच अंतर कापताना रस्त्यावर जास्त वेळ असतो. वरचेच गृहीतक पुढे नेऊन ४० किलोमीटरचा हिशेब मांडला, तर ताशी ३० ने जाणाऱ्याचे जवळपास एक मिनिट वाचते आणि ताशी ४५ ने जाणाऱ्याचे पाऊण मिनिटाहून किंचित कमी. म्हणजे फायदा दोघांनाही होतो. प्रश्न इतकाच की त्या एका मिनिटासाठी काय सोसावे लागते आणि तेच मिनिट दुसरीकडून स्वस्तात मिळते काय.

या प्रश्नाला विदर्भात विशेष महत्त्व आहे, कारण लांब पल्ल्याच्या सायकल चालवण्याचे आकर्षण येथे गेल्या दशकात वाढले आहे आणि त्यामागे काही ठोस कामगिरी आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओशनसाइडपासून पूर्व किनाऱ्यावरील ॲनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने, पहिल्याच प्रयत्नात, ११ दिवस २१ तासांत पूर्ण केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघातून ती ८ दिवस १४ तासांत पार केली होती. झोप, जेवण आणि थांबे धरून पहिल्या कामगिरीची सरासरी ताशी सुमारे १७ किलोमीटर आणि दुसरीची सुमारे २३ किलोमीटर पडते. अशा शर्यतीत स्वार वाळवंटातील उष्णता आणि मैदानांतील आडवा वारा तासन्‌तास सहन करत असतो, हात आणि मान थकलेले असतात, आणि त्या अवस्थेत सरळ रेषेत राहणारे चाक हे दोन वॉट अधिक वाचवणाऱ्या चाकापेक्षा मोलाचे ठरते.

आडव्या वाऱ्याचे गणित येथूनच सुरू होते. चालत्या सायकलला जाणवणारा वारा हा समोरून येणारी हवा आणि प्रत्यक्ष वाहणारा वारा या दोहोंचा मेळ असतो. त्याला सापेक्ष वारा म्हणतात आणि सायकलच्या दिशेशी त्याचा जो कोन होतो त्याला यॉ कोन म्हणतात. ताशी ३० ने जाणाऱ्या सायकलवर काटकोनात ताशी १० किलोमीटरची साधी झुळूक आली तरी हा कोन अठरा अंशांच्या पुढे जातो. ताशी ४५ ने जाणाऱ्या शर्यतपटूला त्याच झुळुकीत तो साडेबारा अंशच असतो. सात-आठ ते बारा-पंधरा अंशांच्या पट्ट्यात चांगल्या आकाराची खोल रिम शिडासारखी वागते आणि तिचा रोध घटतो, मात्र कोन एका मर्यादेपलीकडे गेला की हवेचा प्रवाह रिमच्या पृष्ठभागापासून सुटतो, रोध एकदम वाढतो आणि बाजूने बसणारा धक्का कमी-जास्त होऊ लागतो. याचा अर्थ असा की आडव्या वाऱ्याचा त्रास वेगवान स्वारापेक्षा मध्यम वेगाच्या स्वारालाच अधिक होतो, आणि पन्नास-पंचावन्न किलो वजनाच्या स्वाराला तर तो फारच जाणवतो.

राळेगाव तालुका कापसाचा आहे, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुंपणाविना पसरलेली शेते हे त्याचे ठळक रूप आहे. आश्विन-कार्तिकात कंबरेएवढी वाढलेली पऱ्हाटी जमिनीलगतचा वारा काही अंशी अडवते. उलंगवाडी होऊन शेते मोकळी झाली की चैत्र-वैशाखात त्याच रस्त्यावर वाऱ्याला आडकाठी उरत नाही. पहाटे वारा बहुधा पडलेला असतो आणि ऊन चढेल तसा तो वाढतो, म्हणून सकाळी साडेपाचला निघून आठला परतणाऱ्यासाठी आणि दुपारी शर्यतीचा सराव करणाऱ्यासाठी एकच चाक सारखेच योग्य ठरत नाही. तालुक्यातील वडकी हे गाव नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वर आहे, आणि तेथून हिंगणघाटकडे जाताना शेजारून सुटणारा प्रत्येक मोठा ट्रक आधी हवा ढकलतो आणि मग ओढतो. हा झोत क्षणभरच टिकतो, पण पुढच्या चाकावर तो सुकाणूच्या आसापुढे बसतो आणि हँडल वळवू पाहतो. मागचे चाक वळत नसल्याने त्याच्या खोलीचा त्रास फारच थोडा. म्हणूनच पुढे ३५ ते ४० आणि मागे ५० मिलिमीटर अशी असमान जोडी या भागासाठी शहाणपणाची आहे. पुढे ६० मिलिमीटरचे चाक लावून महामार्गावर उतरणे हे निव्वळ दिखाऊपणाचे आहे. यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनेही २०२६ पासून एकत्र सुटणाऱ्या रस्ता शर्यतींमध्ये रिमच्या खोलीवर ६५ मिलिमीटरची मर्यादा घातली आहे.

हवेबद्दल एक गोष्ट येथे जाता जाता नोंदवण्यासारखी आहे. तापलेली हवा विरळ असते, आणि ४५ अंश सेल्सियसला तिची घनता १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी भरते. परिणामी मे महिन्यातील दुपारी सपाटीवर वेग थोडा वाढलेला दिसतो आणि नव्या चाकांना त्याचे श्रेय दिले जाते. चाकांची तुलना करायची तर ती एकाच तापमानात, एकाच दिशेने आणि शक्य तर शक्तीमापकाच्या आधारे करावी.

आता ज्या घटकाकडे खोलीच्या आधी लक्ष द्यायला हवे त्याकडे, म्हणजे रिमची रुंदी आणि तिच्यावर बसणारा टायर याकडे वळता येईल. या भागातील काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते; तिच्यातील चिकणमातीच्या खनिजाचा तो गुणधर्म आहे, आणि तिच्यावर बांधलेला डांबरी रस्ता काही पावसाळ्यांत लाटांसारखा वरखाली होतो, कडेने फाटतो. अशा रस्त्यावर कडक फुगवलेला अरुंद टायर प्रत्येक उंचवट्यावर संपूर्ण स्वाराला उचलतो आणि ती ऊर्जा शरीराच्या थरथरीत नष्ट होते. लोटणरोधाचा गुणांक ०.००७ वरून ०.००५ वर आणता आला तर वर घेतलेल्या ८० किलोच्या स्वाराचे ताशी ३० ला सुमारे १३ वॉट वाचतात, म्हणजे खोल चाकाने वाचवलेल्या साडेचार वॉटांच्या जवळजवळ तिप्पट, आणि हा फरक टायरची प्रत, रुंदी आणि हवेचा योग्य दाब यांतून मिळवता येतो. यासाठी रिमची आतली रुंदी २१ ते २३ मिलिमीटर असावी, म्हणजे २८ ते ३२ मिलिमीटरचा टायर तिच्यावर नीट बसतो. बाहेरची रुंदी टायरच्या प्रत्यक्ष रुंदीच्या किमान १०५ टक्के असावी असा एक नियम वायुगतिकीच्या चाचण्यांतून रूढ झाला आहे, कारण टायर रिमपेक्षा फुगीर असला की त्याच्यावरून आलेली हवा रिमला चिकटून वाहत नाही. मात्र ३२ मिलिमीटरच्या टायरला हा नियम पाळणे बहुतेक रिमना शक्य नसते, आणि राळेगावच्या रस्त्यावर तो मोडला तरी बिघडत नाही.

रिमच्या काठाला आतून वळलेला बारीक ओठ असतो, त्याला हूक म्हणतात, आणि टायरची कडा त्यात अडकून राहते. हा ओठ काढून टाकला की रिम बनवणे सोपे आणि स्वस्त होते, काठ जाड ठेवता येतो, म्हणून हूकरहित रिमचा प्रसार झाला. पण टायर धरून ठेवण्याचे काम मग केवळ मापांच्या अचूकपणावर येऊन पडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘यूएई टूर’ या शर्यतीत बेल्जियमचे थॉमस डी गेंट यांचा टायर अशा रिमवरून सुटून ते पडले आणि या रचनेवरचा वाद पेटला. अशा रिमसाठी दाबाची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय आहे, आणि आतली रुंदी २५ मिलिमीटर असेल तर टायर किमान २९ मिलिमीटरचा असावा असा सध्याचा दंडक आहे. या मर्यादेचा यवतमाळच्या उन्हाशी थेट संबंध आहे. पहाटे २५ अंशांवर ६५ पीएसआय भरलेला टायर बंद मोटारीत किंवा उन्हात उभ्या सायकलवर ६० अंशांपर्यंत तापला, तर वायूच्या नियमाने आतला दाब ७४ पीएसआयच्या वर जातो, म्हणजे कोणी पंपाला हात न लावताच मर्यादा ओलांडली जाते. उष्ण प्रदेशातील ग्राहकाने हूक असलेली रिमच घ्यावी, हे या लेखातील सर्वांत निःसंदिग्ध मत आहे.

ट्यूबलेस टायर, म्हणजे आत ट्यूब नसलेला आणि छिद्र आपोआप बुजवणाऱ्या द्रवावर चालणारा टायर, बाभळीचे काटे आणि सराटे जेथे रस्त्याच्या कडेला कायमच पडलेले असतात तेथे फार उपयोगाचा आहे. फक्त तो द्रव लॅटेक्सचा असतो आणि उन्हाळ्यात लवकर सुकतो, म्हणून थंड देशांतील सूचनेप्रमाणे तीन-चार महिने वाट न पाहता दर महिन्याला तो तपासावा लागतो.

वजनाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जोडीमागे ३०० ग्रॅम वाचले तर ८० किलोंच्या एकूण भारात ते अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतात, आणि मुंबई-पुणे शर्यतीतील बोरघाटासारख्या वीस-पंचवीस मिनिटांच्या चढावरही त्यातून पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त हाती लागत नाही. राळेगावच्या सपाटीवर तर तेही नाही. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकची जुनी सायकल असेल, तर घाट उतरताना कार्बनची रिम तापून रेझिन मऊ होण्याचा धोका असतो, तेव्हा अशा सायकलवर ॲल्युमिनियमचीच चाके ठेवणे बरे. डिस्क ब्रेकच्या सायकलला ही चिंता नाही.

उरतो दुरुस्तीचा प्रश्न, आणि तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यासाठी तो किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. ॲल्युमिनियमची रिम खड्ड्यात आपटली की वाकते, दिसते आणि सावध करते. कार्बनची रिम वाकत नाही, तिचे थर आतल्या आत सुटतात आणि पुढे कधीतरी ती अचानक फुटते. म्हणून मोठा धक्का बसल्यावर टायर काढून रिमचा काठ आणि आऱ्यांच्या छिद्रांभोवतीची जागा उजेडात पाहावी, नखाने चाचपावी आणि बोटाच्या पेराने सर्वत्र ठोकून आवाज कोठे बदबद होतो काय ते ऐकावे. आऱ्याच्या टोकावरची निपल काही चाकांत रिमच्या आत लपवलेली असते, कारण त्याने हवेचा किंचित रोध वाचतो. पण मग चाक आऊट झाल्यावर ते सरळ करण्यासाठी आधी टायर, द्रव आणि रिमवरची टेप हे सारे काढावे लागते. निपल बाहेर असेल आणि आरे साध्या वाकड्या डोक्याचे असतील तर कोणताही जाणता सायकल मिस्त्री अर्ध्या तासात आऊट काढून देतो. अशा चाकांत पुढचे आणि मागचे, डावे आणि उजवे आरे वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि ती मापे नागपुरातही चटकन मिळतीलच असे नाही, तेव्हा चाके खरेदी करतानाच प्रत्येक लांबीचे दोन-दोन आरे आणि निपल विक्रेत्याकडून मागून घ्यावेत आणि त्यांची मिलिमीटरमधील लांबी बिलावर लिहून घ्यावी.