पुढच्या चाकांतला सांधा

१९४४चा ऑगस्ट. नॉर्मंडीतली कोंडी फोडून दोस्तसैन्य फ्रान्समध्ये इतक्या वेगाने आत घुसले की पेट्रोल आणि दारूगोळा मागेच राहिला. रेल्वेमार्ग तर दोस्तांच्याच विमानांनी उखडून टाकलेले. मग २५ ऑगस्टपासून ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ सुरू झाली. जायला एक रस्ता, यायला दुसरा, आणि दोन्हींवर रात्रंदिवस लष्करी ट्रकांची रांग. चालकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक होते. वर्णावरून तुकड्या वेगळ्या ठेवणाऱ्या सैन्याचा हा पुरवठा मुख्यतः त्यांनी तोलून धरला, हे ठळकपणे सांगायलाच हवे. १६ नोव्हेंबरपर्यंत चार लाखांहून अधिक टन माल पुढे गेला.

यातला बिनीचा ट्रक म्हणजे जीएमसी ‘सीसीकेडब्ल्यू’. १९४१ ते १९४५ या काळात असे पाच लाखांहून अधिक बनले. रस्ता नसलेल्या मुलखात अडीच टनांची क्षमता, ४.४ लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. यात अचाट असे काही नव्हते. खरी करामत होती ती इंजिनाचा जोर पुढच्या चाकांपर्यंतही नेण्यात.

मागचे चाक नुसते फिरते. पुढचे फिरतेही आणि वळतेही. त्यामुळे त्याला फिरवणाऱ्या दांड्याला वाकता सांधा लागतो. इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या लांब दांड्याला, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टला, असतो तसा साधा क्रॉस-सांधा इथे बसवला तर? दोन दांड्यांत ३० अंशांचा कोन झाला, की पहिला मिनिटाला १०० फेऱ्यांच्या एकसारख्या गतीने फिरत असतानाही दुसऱ्याची गती दर फेरीत दोनदा ८७पर्यंत उतरते आणि दोनदा ११५वर चढते. स्टीअरिंगला हिसके बसतात, टायर आणि गिअर झिजतात.

यावरचा सर्वांत देखणा तोडगा आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने १९२०च्या दशकात शोधला. बाहेर वाटी, आत लहान गोल, दोघांवर वक्र खाचा आणि खाचांत सहा पोलादी छर्रे. दांडे कसेही कलले तरी छर्रे त्या कोनाला बरोबर दुभागणाऱ्या प्रतलात राहतात. प्रत्येक छर्रा दोन्ही दांड्यांच्या अक्षांपासून सारख्याच अंतरावर असतो, म्हणून दोन्हींची गतीही सारखीच राहते.

पण अशा खाचा अतिशय काटेकोरपणे घासून काढाव्या लागत. युद्धाआधी मागणी थोडी, त्यामुळे कारखानेही मोजकेच. अमेरिकेकडे इंजिने होती, पोलाद होते. अडले ते या सांध्यांपाशी. म्हणून पुढच्या चाकांना जोर न देणारे ‘सीसीडब्ल्यू’ हे भावंडही हजारोंनी बनवावे लागले. रणगाड्यांच्या कथा सांगताना ही टंचाई विसरली जाते, याचे मला वाईट वाटते. सैन्याची धाव शेवटी अशा सुट्या भागांवरच ठरते.

झेप्पांचा सांधा १९५९मध्ये ब्रिटनच्या चिमुकल्या ‘मिनी’त आला, आणि नंतर पुढच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या मोटारी जगभर पसरल्या. आपल्याकडची मारुती ८००ही त्याच जातीची. तिच्या चाकामागचा रबरी बूट फाटला, ग्रीस निघून गेले आणि आत धूळ शिरली, की वळण घेताना ‘कट-कट’ आवाज येतो. तो याच खाचांतल्या झिजलेल्या छर्ऱ्यांचा.