रोमची सायकल आणि डोंबिवलीची आगगाडी



वास्तववादी चित्रपट म्हणजे दारिद्र्याचें छायाचित्र, अशी एक समजूत आपल्यांत रूढ आहे. ती अपुरी आहे. भोवतालचा समाज बदलत असतां एकट्या माणसाच्या मनाची काय गत होते, हें पाहणें हाच वास्तववादाचा गाभा होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलींत ही दृष्टि विशेष बहरली. व्हित्तोरिओ द सिका यांच्या १९४८ सालच्या 'बायसिकल थीव्ह्ज'चा नायक भिंतींवर जाहिराती चिकटविण्याचें काम करतो. कामाला सायकल हवी, आणि ती पहिल्याच दिवशीं चोरीस जाते. ही भूमिका एका खऱ्या कामगारानें केली. चित्रण रोमच्या रस्त्यांवर झालें. शोधून हताश झालेला बाप अखेर दुसऱ्याची सायकल चोरूं पाहतो व मुलादेखत पकडला जातो.

आपल्याकडे हा विचार अपरिचित नव्हता. १९२५ सालींच बाबूराव पेंटरांनीं 'सावकारी पाश' या मूकपटांत जमीन गमावून शहराच्या गिरणीकडे वळणारा शेतकरी दाखविला होता.

आतां आपल्या परिसराकडे वळूं. १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी धांवली; पुढच्याच वर्षीं ती कल्याणपर्यंत पोंचली. त्या रुळांच्या आधारानें मुंबईचा नोकरदार पुढें येथें वस्तीस आला. त्याचेंच जीवन निशिकांत कामत यांनीं २००५ सालच्या 'डोंबिवली फास्ट'मध्यें मांडलें. माधव आपटे हा बँकेंतील कारकून. घर, गर्दीची गाडी, कचेरी, पुन्हां गाडी, हें चक्र आरंभीं इतक्या वेळां फिरतें कीं प्रेक्षकासच धाप लागावी. छापील किमतीहून अधिक पैसे मागणाऱ्या दुकानदारापाशीं त्याचा संयम सुटतो, आणि तो हातीं बॅट घेतो.

दोघांत भेद आहे. रोमच्या बापाला गरजेनें गुन्ह्याकडे ढकललें. माधवापाशीं घर आहे, नोकरी आहे. त्याला छळते ती सचोटीची उपेक्षा. वर्गांत शिकलेला नियम बाहेर कोणी पाळीत नाहीं, हें त्याचें दुःख. आयुष्यभर तेच नियम शिकविलेल्या माझ्यासारख्या शिक्षकास हा प्रश्न बोंचल्याखेरीज राहत नाहीं.

बॅट हें त्याचें उत्तर नव्हे. एकट्याच्या क्रोधानें समाज सुधारत नाहीं. परंतु एकट्याची सचोटीही फार काळ टिकत नाहीं. तिला सोबत लागते. फलाटावर रांग मोडणाऱ्यास कोणी हटकलें, तर शेजाऱ्यानें नजर न चुकवितां त्याच्या बाजूस उभें राहावें. माधवास एवढेंच हवें होतें.