गराज सेलमधला गळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत थंडी सरली की शुक्रवार-शनिवारी सकाळी गल्लीतल्या खांबांवर ‘गराज सेल’चे हाताने लिहिलेले पुठ्ठे लटकू लागतात. लहानपणी कोकणात मासे गरवायला गेलेला आणि आता न्यू जर्सीत स्थिरावलेला मराठी माणूस तिथे कपबशा बघत नाही. त्याची नजर कोपऱ्यात टेकवलेल्या रॉडवर जाते. दुकानात शंभर डॉलर मोजावे लागतील असा माल इथे दहात मिळू शकतो, हे खरंच आहे. पण कोणता माल, याबद्दल बऱ्याच भाबड्या समजुती आहेत.

गैरसमज : जितकं जुनं, तितकं किमती.

‘जुनं ते सोनं’ इथे क्वचितच लागू पडतं. ‘मिचेल 300’ हे काळं फ्रेंच रीळ बघून अनेकांना घबाड सापडल्यासारखं वाटतं. पण ते लाखोंनी खपलेलं आहे. आजही ते सहज मिळतं आणि म्हणूनच स्वस्त असतं. लाकडी पेटीतले जपानी बांबूचे रॉडही तसेच. दुसऱ्या महायुद्धानंतर ते अमेरिकेत ढिगाने आले. पेटी देखणी, पण संग्राहक त्यांना विचारत नाहीत. लेनर्ड किंवा पेन (Payne) यांच्या हातचा बांबू रॉड असेल, तर गोष्ट वेगळी.

या समजुतीचं खापर काही प्रमाणात लिलावांच्या बातम्यांवर फोडायला हवं. रायली हॅस्केल यांनी 1859 मध्ये पेटंट घेतलेल्या, तांब्याच्या मासोळीसारख्या आमिषाचा एक मोठा नमुना 2003 मध्ये 1,01,200 डॉलरना गेला. असं काही कानावर आलं की प्रत्येक घरमालकाला आजोबांच्या डब्यात खजिना दिसू लागतो. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा : मिशिगनमधल्या हेडन कंपनीची, काचेचे डोळे बसवलेली जुनी लाकडी आमिषं दिसली, तर ती पाण्यात टाकण्याआधी जाणकाराला दाखवा.

गैरसमज : रीळ जड फिरतं, म्हणजे ते गेलं.

खरी स्वस्ताई इथेच आहे. वर्षानुवर्षं गराजमध्ये पडलेल्या रिळातलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं. उघडून, पुसून, नवं ग्रीस लावलं की ते पुन्हा सुरळीत चालतं. फिलाडेल्फियाच्या ‘पेन’ (Penn) कंपनीची जुनी रिळं (तिचं ‘सेनेटर’ 1936 पासूनचं) यासाठी फार चांगली. बांधणी दणकट आणि सुटे भाग अजून मिळतात. ‘झेबको 33’ हे 1954 चं झाकणबंद रीळही तुम्हाला हमखास दिसेल. ते बनवणारी तल्साची कंपनी आधी तेलविहिरींसाठी टाइम बाँब करायची! मुलांना शिकवायला याच्याइतकं सोपं रीळ नाही.

जड फिरणं आणि खरखरणं यांत मात्र फरक आहे. हँडल सावकाश फिरवा. दात अडखळल्यासारखे लागले, तर गिअर झिजलेत. स्पूल काढून खाली बघा. तिथे पांढरी भुकटी किंवा हिरवट थर असेल, तर खाऱ्या पाण्याने धातू खाल्लाय. ते रीळ फुकट दिलं तरी सोडा. ड्रॅग नुसता अडकत असेल, तर घाबरू नका. तो वर्षानुवर्षं आवळून ठेवल्याने आतल्या चकत्या दबतात. त्या बदलता येतात.

गैरसमज : रॉड वरून धड दिसतो, म्हणजे धड आहे.

अमेरिकेने 1950 मध्ये चीनशी व्यापार थांबवला, रॉडसाठी लागणारा टोंकिन बांबू यायचा बंद झाला आणि फायबरग्लासने बाजार काबीज केला. ते जुने फायबरग्लास रॉड जड, पण चिवट, निर्धास्त घ्या. ग्रॅफाइटच्या रॉडचं तसं नाही. बारीकसा टोला बसलेला असला, तरी मासा लागल्यावर तो तिथूनच मोडतो. कापसाची कानकाडी खिशात ठेवा आणि प्रत्येक कडीतून आतून फिरवा. कापसाचा तंतू अडकला, तर त्या कडीला तडा आहे आणि ती तंगूस कापणार.

रिळावरच्या तंगुसाचं काय? तो फेकून द्या. ऊन आणि वय यांनी तो कुजलेला असतो.

गैरसमज : डबा गच्च भरलेला, म्हणजे फायदाच फायदा.

जुन्या डब्यांत रबरी किडे वितळून कप्प्यांना आणि शेजारच्या आमिषांच्या रंगाला चिकटलेले असतात. गळ गंजलेले. शिवाय शिसं. लून पक्षी ते गिळून मरतात, म्हणून न्यू हॅम्पशायरने 2000 पासून गोड्या पाण्यात शिशाची लहान वजनं वापरायला बंदी घातली. मेन, मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट, न्यूयॉर्क इथेही आपापले निर्बंध आहेत. डबा चाळलात, तर हात धुतल्याशिवाय खाऊ नका.

गैरसमज : पहाटे सगळ्यांच्या आधी पोचलं, तरच सौदा साधतो.

उत्तम माल आधी जातो, हे बरोबर. पण दुपारी सामान परत आत न्यायचा कंटाळा आलेला घरमालक ‘सगळं मिळून किती?’ या प्रश्नाला फार उदार उत्तर देतो. सुट्ट्या नोटा न्या. आणि तो माणूस आपल्या वडिलांबद्दल बोलू लागला, तर घासाघीस आवरती घ्या.

शेवटचं : सामान हातात आलं, म्हणजे गळ टाकायची मुभा मिळाली असं नाही. न्यू जर्सीत 16 वर्षं पूर्ण झालेल्या बहुतेकांना गोड्या पाण्यासाठी परवाना लागतो आणि समुद्रावर मोफत नोंदणी करावी लागते. दुसऱ्या राज्यांत नियम वेगळे. तेव्हा भारतातून आलेल्या बाबांच्या हाती रॉड देण्याआधी आपल्या राज्याच्या मत्स्य विभागाचे नियम वाचून घ्या.