परसातल्या तळ्यावर दगडी धबधबा



विहिरीवरचा पंप सुरू झाला की परसातल्या तळ्यात पाणी धो धो पडते. नळीचे तोंड काठावर कसेतरी टाकलेले असते, फार तर त्यावर एक धोंडा ठेवलेला असतो. पाणी पडते तिथे खळगा होतो, काठ ढासळतो, तळे गढूळ होते. तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेला असेल तर नेमका त्याच जागी तो फाटतो. हेच पाणी दगडांच्या तीन-चार पायऱ्यांवरून उतरवले तर हा सगळा त्रास वाचतो, आणि परसाला शोभा येते ती वेगळीच. रेडिओवरच्या भाषणात वेळ थोडा असतो, म्हणून हे काम कसे करावे ते या पत्रकात जरा सविस्तर सांगत आहे.

ही कल्पना काही नवी नव्हे. मोटेच्या काळात विहिरीच्या काठावर थारोळे असे. मोटेचे पाणी आदळायचे ते दगडी थारोळ्यात, आणि तिथून शांतपणे पाटाला लागायचे. उंचावरून पडणारे पाणी उघड्या मातीवर सोडायचे नाही, हे जुन्या माणसांना पक्के ठाऊक होते. मोट गेली, इंजिन आले, मग वीज आली, आणि थारोळे मात्र आपण विसरलो.

धबधबा माशांच्या कामाचा

तळ्यात मासे सोडले असतील तर दगडावरून पडणारे पाणी नुसते शोभेचे राहत नाही. मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशाला तो साडेसातच्या आसपास येतो. म्हणजे उन्हाळ्यात मुळातच कमी. दिवसा पाण्यातले शेवाळ प्राणवायू तयार करते, रात्री मात्र तेच शेवाळ तो वापरते. त्यामुळे पहाटे तळ्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. पावसाळ्यात तीन-चार दिवस सूर्य दिसला नाही तर गोष्ट आणखी बिघडते. सकाळी उठून पाहावे तो कटला, रोहू पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करताहेत. ही खेळ करण्याची लक्षणे नव्हेत, मासे गुदमरत आहेत असे समजा.

विहिरीच्या, विशेषतः खोल बोअरच्या पाण्यातही बहुधा प्राणवायू कमीच असतो. ते नळीने थेट तळ्याच्या तळाशी सोडले तर माशांना फारसा उपयोग नाही. दगडावर आपटून, फुटून, पातळ होऊन उतरले तर उतरता उतरता ते हवा घेते. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. २० फूट लांब, १५ फूट रुंद आणि ४ फूट खोल तळे, त्यात पंचवीस-तीस मासे, अशा बेताला हा धबधबा पुरतो. शेतातल्या मोठ्या शेततळ्यात हजारो मासे पाळायचे असतील तर हवा घालणारे यंत्रच हवे. तिथे धबधब्यावर भिस्त ठेवू नका.

आधी आपला ओढा पाहून या

धबधबा खरा वाटावा असे वाटत असेल तर शहरातल्या बागा पाहू नका, आपल्या गावाचा ओढा पाहा. आपला सह्याद्री आणि त्याच्या पूर्वेचे पठार काळ्या खडकाच्या आडव्या थरांचे बनलेले आहे. भूगर्भशास्त्रात या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, आणि हा शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. एक थर कठीण, त्याखालचा मऊ. मऊ थर पाण्याने झिजून आत जातो, कठीण थराची कड पुढे राहते आणि पाणी त्या कडेवरून मोकळे खाली पडते. प्रवरेवरचा रंधा धबधबा असो की गावच्या ओढ्यातली कमरेएवढी उडी, गणित तेच.

ओढ्यात आणखी एक गोष्ट दिसेल. मोठे धोंडे दोन्ही अंगांना अर्धे जमिनीत रुतलेले असतात, पाणी त्यांच्या मधून वाट काढते, आणि ती वाट कधी सरळ नसते. दगडांची पातळीही कधी एकसारखी नसते. आपण परसात करतो ते नेमके उलटे. सारख्या आकाराचे गोटे निवडून मण्यांच्या माळेसारखे काठाने लावतो, मध्ये सरळ जिना करतो आणि वर चुना फासतो. ते समाधीच्या ओट्यासारखे दिसते. पाणी ज्या रीतीने दगड बसवते त्या रीतीने बसवलेले दगड दिसतातही बरे आणि हलतही नाहीत.

दगड आणायचे ते एकाच ठिकाणचे आणा. विहीर खोदताना निघालेला काळा दगड सर्वांत चांगला, तो तुमचाच असतो. सरकारी ओढ्यातून आणायचे तर आधी तहसील कार्यालयात परवानगीची चौकशी करा. आणि बांधावरचे धोंडे कृपा करून उचलू नका. बांध फुटेल तो फुटेल, पण शेजारच्या चुलतभावाशी वर्षभर बोलणे बंद होईल.

पाया

काळ्या मातीवर हे काम टिकत नाही. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे सिमेंट तडकते. जिथे पायऱ्या करायच्या तिथली काळी माती मुरूम लागेपर्यंत काढा. मुरूम खोल असेल तर निदान दीड फूट काढून मुरूम भरा आणि पाणी मारून थराथराने चोपा. तळे खोदताना निघालेल्या मातीचा ढीग पुष्कळ जण उंचवट्यासाठी वापरतात. वापरा, पण तो एक पावसाळा खाऊ द्या. ताजा भराव बसत जातो आणि त्याबरोबर दगडही कलतात.

उंची फार नको. तळ्याच्या पाण्यापासून अडीच-तीन फूट पुरे. प्रत्येक पायरी सहा ते नऊ इंचांची, पण सगळ्या सारख्या करू नका. उंची जास्त झाली की वाऱ्याने तुषार बाहेर उडतात आणि उन्हाळ्यात तेच पाणी जड जाते.

प्लास्टिक कौलासारखे

चोपलेल्या मुरमावर खताची रिकामी पोती दुहेरी अंथरा, म्हणजे खडा टोचणार नाही. त्यावर तळ्यासाठी वापरतात तोच ५०० मायक्रॉनचा कागद. शक्यतो वरपासून तळ्यापर्यंत सलग एकच तुकडा घ्या. जोड द्यावाच लागला तर कौले शाकारतो तसे करा. वरच्या तुकड्याची कड खालच्या तुकड्यावर यावी, निदान दोन फूट. खालची कड तळ्याच्या कागदावर आत उतरली पाहिजे. दोन्ही बाजूंच्या कडा पाण्याच्या पातळीपेक्षा सहा इंच वर उचलून मातीत दाबा, म्हणजे मधला भाग पन्हळासारखा होतो. कागदावर पुन्हा एक पोत्याचा थर घाला आणि मगच दगड ठेवा.

दगड रचताना खालून वर या. सर्वांत मोठे दोन-तीन धोंडे आधी तळाशी, पहारेने हलवून हलत नाहीत अशी खात्री करून बसवा. मग त्यांच्या आधाराने पहिली पायरी. पायरीचा माथा मागच्या बाजूला किंचित कलता ठेवा, म्हणजे तिथे तळहाताएवढ्या खोलीचा डोह साचतो. पाणी कोरड्या दगडावर पडण्यापेक्षा डोहात पडले तर जास्त बुडबुडे उठतात आणि आवाजही गोड येतो. दगडांच्या मधल्या फटी एकास चार या प्रमाणातल्या सिमेंट-वाळूने भरा, पण आतल्या बाजूने. बाहेरून सिमेंट दिसता कामा नये. गवंडी बहुधा बाहेरून दरजा भरून मोकळा होतो, तेव्हा त्याच्याजवळ उभे राहा.

आता सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक पायरीच्या कडेला एक चपटा दगड असा बसवा की त्याची कड खालच्या दगडापेक्षा दोन इंच पुढे येईल. आपण ओसरीच्या छपराची कड भिंतीच्या पुढे काढतो ती का, तर पागोळ्या भिंतीला लागू नयेत म्हणून. तसेच इथे. कड पुढे नसेल तर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून मागे वळते आणि दगडांच्या आत गडप होते.

माझी फजिती

हे मी शिकलो ते चूक करून. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बागायतदाराच्या परसात मी असाच धबधबा बांधून दिला होता. तळ्यात छोटा पंप बसवून तेच पाणी फिरवायचे, असा बेत. दिसायला फार सुरेख झाला, गावातली माणसे पाहायला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तळे वीतभर खाली गेलेले. मला वाटले, कागदाला भोक आहे. तळे उपसले, मासे पिंपात काढले, दोन दिवस कागद बोटांनी चाचपला. भोक मिळाले नाही, आणि पिंपातले सात मासे मात्र मेले. शेवटी घरातल्या आजीबाईंनी दाखवले, की धबधब्याच्या मागची केळ एकाएकी ताजीतवानी झाली आहे! दुसऱ्या पायरीला पुढे कड नव्हती आणि तिच्याखाली मी कागद घेतला नव्हता, नुसत्या सिमेंटवर विसंबलो होतो. सगळे पाणी मागून केळीला जात होते. त्या सात माशांचे पैसे त्यांनी माझ्याकडून घेतले नाहीत, पण ते माझ्या मनातून गेलेले नाहीत.

तुमच्यावर ही पाळी आली तर तळे उपसण्याआधी सोपी परीक्षा करा. तळ्यात एक काठी उभी करून पाण्याच्या पातळीला खूण करा. रात्रभर धबधबा बंद ठेवा, तळ्यात पाणी येऊ-जाऊ देऊ नका. पातळी तिथेच राहिली तर गळती धबधब्यात आहे. पातळी तरीही खाली गेली तर तळ्यात. कडक उन्हाळ्यात दिवसाला साधारण एक सेंटीमीटर पाणी वाफेने जाते, तेवढे सोडून हिशेब करा.

पाणी किती, कड किती रुंद

पाणी थोडे आणि कड रुंद असली की नुसती झिरप होते. म्हणून आधी पाणी मोजा. दोनशे लिटरचे पिंप नळीखाली धरा आणि घड्याळ लावा. ४० सेकंदांत भरले तर मिनिटाला ३०० लिटर. कडेच्या एक फूट रुंदीला मिनिटाला ८० ते १०० लिटर पाणी असावे, म्हणजे या पंपाला तीन-साडेतीन फुटांची कड ठीक. पाणी कमी असेल तर कड फूटभरच ठेवा. नळीचे तोंड उघडे दिसू देऊ नका. वरच्या डोहात दोन मोठ्या दगडांच्या आड, पाण्याच्या पातळीखाली लपवा, म्हणजे पाणी झऱ्यासारखे उगवल्यागत वाटते.

माझे मत विचाराल तर विहिरीचे पाणी धबधब्यावरून तळ्यात आणि तळ्यातून पाटाने बागेला, हीच रीत शेतकऱ्याच्या सोयीची. निराळी वीज लागत नाही. शेतीची वीज पाळीने कधी रात्रीची येते म्हणून आपण वैतागतो, पण माशांना तीच वेळ बरी. तळ्यातलेच पाणी फिरवायचे तर अर्ध्या अश्वशक्तीचा पंप पहाटेचे चार तास चालवावा. दीड-दोन युनिट वीज जाईल. मात्र वायरचा जोड पाण्यात नको, गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवा, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी पंप बंद करा. यात हयगय नको.

लेकरांसंबंधीही सांगतो. धबधबा केला की लहान मुले तिथे हमखास येणार. प्लास्टिकच्या कागदावर पाय घसरतो आणि वर चढायला आधार मिळत नाही, मोठी माणसेदेखील अशी बुडाली आहेत. तळ्याभोवती कुंपण घाला, आणि धबधब्याच्या एका अंगाला पाण्याच्या आतपर्यंत खडबडीत दगडांच्या पायऱ्या उतरवा. काठाला एक गाठी मारलेला दोर पक्का बांधून पाण्यात सोडून ठेवा.

काम झाल्यावर

सिमेंटवर निदान सात दिवस पाणी मारा. लगेच मासे सोडू नका. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि माशांना बाधतो. धबधबा चालवून तळे दोन-तीनदा भरा आणि पाणी झाडांना सोडून द्या, मग मासे. बाजूच्या मातीत वाळा लावा, त्याची मुळे काठ धरून ठेवतात. सावलीच्या अंगाला अळू आणि नेचे छान येतात. दगडांवर हिरवे शेवाळ धरू द्या, ते घासू नका. कडेवर साचलेला गाळ मात्र हाताने काढा, नाहीतर पाणी एका बाजूनेच वाहते.

पंप चार-पाच दिवस बंद राहणार असेल तर पायऱ्यांवरचे डोह खराट्याने कोरडे करा. आठवडाभर साचलेल्या पाण्यात डास होतात. खालच्या तळ्यात गप्पी मासे सोडले असतील तर तिथली काळजी नाही, पण ते वरच्या डोहापर्यंत चढत नाहीत.

पहिल्यांदा पाणी सोडाल तेव्हा गवंड्याला घरी पाठवू नका. पाणी कुठे मागे वळते, कुठे एका अंगाला जाते, ते वाहते असतानाच दिसते. कडेचा दगड खाली चिप घालून अर्धा इंच उचलला की धार जागेवर येते. यात एक दुपार जाते.