कोयता: शेतात अवजार, बाजारात काय?



विळा, खुरपे, कोयता, कुऱ्हाड यांच्यावाचून आपला दिवस जात नाही. ऊसतोडीच्या हंगामात तर नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. पण २०२२-२३ च्या सुमारास पुण्यात कोयते नाचवून दहशत घालणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या आल्या, आणि हातात कोयता दिसला की लोक दचकू लागले. मग मनात येतं, 'उद्या आपल्यालाही पोलीस धरतील का?' कायदा काय सांगतो ते पाहू.

अवजार की शस्त्र?

शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे. धारदार हत्यारे त्यात येतात. मात्र केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांत तलवार, खंजीर, भाला आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे अशी यादी आहे. तेथेही शेतीची व घरकामाची अवजारे सोडून, असे म्हटले आहे. म्हणजे लोहाराकडून घडवून घेतलेला साधा कोयता पात्याने मोठा असला तरी त्याला परवाना लागत नाही.

'केवळ' हा शब्द मात्र ध्यानात ठेवा. कोयत्याला टोक काढले, दोन्ही बाजूंनी धार लावली, तर 'हे शेतीचं अवजार आहे' हे म्हणणे लंगडे पडते. घरात वडिलोपार्जित तलवार असेल तर तिला ही सवलत नाही. तिच्याबद्दल पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे.

बंदी हुकूम असताना

खरी अडचण येथे होते. सण, निवडणूक, मोर्चा किंवा गावात तणाव असला की जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली बंदी घालतात. या हुकुमात तलवारी, सुरे तर येतातच. शिवाय काठ्या आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास मनाई करता येते. येथे 'माझं शेतीचं अवजार' एवढे सांगून भागेलच असे नाही. हुकूम मोडल्यास कलम १३५ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणून बाजाराला निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांकडे चौकशी करा. हुकुमात कोणाला सूट दिली आहे तेही विचारा.

बांधावरचे भांडण

बांधावरून बोलाचाली झाली आणि हातातला विळा उगारला गेला, की कायद्याच्या लेखी ते अवजार राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८ प्रमाणे, कापण्याच्या हत्याराने साधी दुखापत केली तरी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जबर दुखापत झाली तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. वीतभर बांधापायी घरचा कर्ता माणूस तुरुंगात गेला, तर पेरणी कोण करणार? भांडण दिसले की अवजार आधी खाली ठेवा, मग बोला.

एवढे करा

१. नेताना कोयत्याचे पाते गोणपाटात गुंडाळून, सुतळीने बांधून न्या. एस. टी. त किंवा बाजारात ते उघडे धरू नका. काम संपले की ते घरी ठेवा.

२. ऊसतोडीला परजिल्ह्यात जाताना मुकादमाचे नाव, कारखान्याचे नाव आणि आपले ओळखपत्र जवळ असू द्या.

३. पोलिसांनी विचारले तर न घाबरता सांगा: कोठून आलो, कोणत्या कामाला चाललो. हुज्जत घालू नका.

४. अवजार जप्त केले तर पंचनामा वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. त्याशिवाय सही-अंगठा करू नका.

५. अटक झालीच तर कारण विचारण्याचा हक्क आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावेच लागते. कोठडीतील माणसाला, तसेच स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. तिचे काम तालुक्याच्या कोर्टातून चालते.

हे पत्रक वाचता न येणाऱ्या शेजाऱ्यालाही वाचून दाखवा, आणि टोळीबरोबर निघालेल्या तरुण पोरांना तर जरूर सांगा. राम राम.