लिनक्सवर चित्रफीत का दिसत नाही?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या संगणक प्रणालीला देण्यात येणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. नव्या विंडोजसाठी अपात्र ठरलेले जुने संगणक मोडीत काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसवण्याचा मार्ग अनेकांसमोर आहे. मात्र हा बदल केल्यावर कित्येकांना एक अनपेक्षित अडचण येते. ब्राउझरमध्ये बातम्यांचे संकेतस्थळ उघडते, मजकूर आणि छायाचित्रे दिसतात. पण चित्रफितीच्या जागी काळी चौकट आणि एक त्रोटक सूचना येते. दिल्लीत पहाडगंजच्या अतिथिगृहात उतरलेला प्रवासी असो वा स्वयम् या शासकीय मंचावरील व्याख्याने ऐकू पाहणारा विद्यार्थी असो, संगणकच बिघडला असा त्यांचा समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा संगणकात कोणताही दोष नसतो. कोडेक नावाचा एक छोटा घटक तेथे नसतो, आणि तो नसण्याचे कारण तांत्रिक कमी आणि कायदेशीर अधिक आहे.

कोडेक म्हणजे काय?

कोडर आणि डीकोडर या दोन शब्दांतून कोडेक हा शब्द तयार झाला आहे. चित्रफीत आकुंचित करणे आणि पाहताना ती पुन्हा उलगडणे हे त्याचे कार्य होय. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र सेकंदाला २५ वेळा जसेच्या तसे पाठवायचे झाल्यास दर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट लागतील. अशी एका तासाची चित्रफीत सुमारे ५६० गिगाबाइट जागा व्यापेल. कोडेक एका चित्रातून पुढील चित्रात न बदलणारा भाग वगळतो आणि डोळ्यांना न जाणवणारे बारकावे कमी करतो. त्यामुळे तीच चित्रफीत दोन-तीन गिगाबाइटमध्ये सामावू शकते.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. एमपी-४ हे कोडेकचे नाव नसून ते केवळ एका डब्याचे नाव आहे. त्या डब्यातील चित्र बहुधा एच-२६४ या पद्धतीने आणि ध्वनी एएसी या पद्धतीने भरलेला असतो. डबा ओळखता आला, तरी आतील वस्तू उलगडण्याचे साधन नसेल तर पडदा काळाच राहतो.

पेटंटचा अडसर

एच-२६४ हे मानक २००३ मध्ये मंजूर झाले. त्यातील तंत्रांवर अनेक कंपन्यांची पेटंट असून वापरासाठी परवाना शुल्काची व्यवस्था आहे. गुगल क्रोम किंवा विंडोज यांच्या निर्मात्यांना हा खर्च परवडतो. विनामूल्य वाटल्या जाणाऱ्या प्रणालीच्या प्रती कोणी किती काढाव्यात यावर बंधन नसते. त्यामुळे प्रत्येक प्रतीचे शुल्क भरणे तिच्या निर्मात्यांना शक्य होत नाही. अमेरिकेतील रेड हॅट कंपनीचे पाठबळ असलेली फेडोरा ही प्रणाली म्हणूनच असे कोडेक स्वतः पुरवत नाही. उबुंटूमध्ये ते स्वतंत्र संचातून घेण्याची सोय आहे.

भारतात पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) नुसार केवळ संगणक आज्ञावलीला पेटंट मिळत नाही. तथापि उपकरणाशी जोडलेल्या तंत्राचा प्रश्न वेगळा आहे. पहाडगंजपासून काही किलोमीटरवर असलेल्या दिल्ली उच्च न्यायालयाने १२ जुलै २०१८ रोजी डीव्हीडीवरील माहिती उलगडण्याच्या तंत्राबाबत फिलिप्स कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. डीव्हीडी प्लेअर तयार करून विकणाऱ्या व्यावसायिकांना पेटंटचे शुल्क देणे त्यामुळे भाग पडले. हा खटला ब्राउझरशी संबंधित नव्हता. मात्र माहिती उलगडण्याच्या क्रियेलाही मूल्य मोजावे लागू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

यावर उपाय म्हणून पेटंट शुल्कमुक्त कोडेक विकसित करण्यात आले. गुगलने २०१० मध्ये व्हीपी-८ खुले केले. त्यानंतर व्हीपी-९ आले आणि २०१८ मध्ये अनेक कंपन्यांच्या संघटनेने एव्ही-१ प्रसिद्ध केले. सिस्को कंपनीने २०१३ मध्ये आपले एच-२६४ कोडेक स्वतः शुल्क भरून सर्वांना देण्याची घोषणा केली. फायरफॉक्समध्ये २०१४ पासून ते प्रामुख्याने दृक्‌श्राव्य संभाषणासाठी वापरण्यात आले.

काय करावे?

यूट्यूब चालते, पण अन्य संकेतस्थळांवरील चित्रफिती चालत नाहीत, असे आढळल्यास एच-२६४ नसण्याची शक्यता अधिक असते. कारण यूट्यूब व्हीपी-९ आणि एव्ही-१ यांचाही वापर करते. फायरफॉक्सच्या मदत यादीतील समस्या निवारणाच्या पानावर माध्यमांचा विभाग असतो. कोणते कोडेक उपलब्ध आहेत, ते तेथे पाहता येते.

लिनक्सवरील फायरफॉक्स या कामासाठी एफएफएमपेग या खुल्या आज्ञावली संग्रहाचे साहाय्य घेतो. उबुंटूमध्ये 'उबुंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज' हा संच बसवल्यास तो उपलब्ध होतो. फेडोरामध्ये आरपीएम फ्यूजन या स्वतंत्र भांडाराची नोंद करून तेथील पूर्ण एफएफएमपेग घ्यावे लागते. त्यानंतर ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू करावा. क्रोमियम या खुल्या ब्राउझरच्या काही आवृत्त्यांत हे कोडेक नसतात; गुगल क्रोममध्ये ते अंतर्भूत असतात.

सशुल्क चित्रपट दाखवणाऱ्या संकेतस्थळांची अडचण मात्र निराळी असते. तेथे कोडेकशिवाय वाइडव्हाइन हे प्रत-संरक्षणाचे साधनही लागते. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये त्यास अनुमती देता येते.

'चित्रफीत पाहण्यासाठी हे कोडेक उतरवून घ्या' अशी सूचना एखाद्या अनोळखी पानावर आल्यास ती मानू नये. २००५ च्या अखेरीस आढळलेला झ्लॉब हा घातक प्रोग्राम अशाच कोडेकच्या वेषात विंडोज संगणकांत शिरत असे. कोडेक नेहमी आपल्या प्रणालीच्या अधिकृत अथवा सर्वमान्य भांडारातूनच घ्यावे.

भारतात पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. एमपी-३ या ध्वनी पद्धतीची पेटंट २०१७ मध्ये संपुष्टात येताच फेडोराने तिचा पूर्ण समावेश केला. एच-२६४ ची मूळ पेटंटही एकामागून एक कालबाह्य होत आहेत. ती सर्व संपेपर्यंत मात्र जुन्या संगणकावर लिनक्स बसवणाऱ्याने कोडेकचा संच त्याच वेळी बसवून घेणे हिताचे ठरेल.