तळमजला पाण्याचा

२५ जुलै २०२४. पुण्याजवळच्या खडकवासला धरणाचा विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेकवर, म्हणजे सेकंदाला दहा लाख लिटरच्या आसपास गेला. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांचे पार्किंग बुडाले आणि रहिवाशांना बोटीतून बाहेर काढावे लागले.

नदीकाठी बांधकामाचे नियम दोन रेषांवर चालतात. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘२५ वर्षांतून एकदा’ ऐकून निर्धास्त होऊ नये. त्याचा अर्थ दरवर्षी ४ टक्के शक्यता. या हिशेबाने २० वर्षांचे गृहकर्ज फिटेपर्यंत तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता ५६ टक्के होते.

मग इमारत कशी हवी? खांबांवर उभी आणि खाली मोकळे पार्किंग, ही पुण्यात सर्रास दिसणारी रचना मुळात पुराला सोयीची आहे. भिंती नसल्याने पाणी अडत नाही, त्याचा दाबही कमी बसतो. पण इमारतीचा जीव आपण नेमका तिथेच ठेवतो: मीटर, पॅनेल, पंप, जनरेटर. गुडघाभर पाण्यात वीज, लिफ्ट आणि नळ एकदमच बंद पडतात. ही यंत्रणा लाल रेषेच्या पातळीवर चढवावी, जमिनीखालच्या टाकीला घट्ट झाकण बसवावे. नदी चढली की चेंबरमधून पाणी उलटे येते. त्यासाठी ड्रेनेजला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा.

नदीपासून लांब राहणारेही सुटत नाहीत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरउतारांवर कोसळलेल्या पावसाने आंबिल ओढ्याकाठच्या वस्त्यांत हाहाकार उडवला. एक एकर काँक्रीटवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर दोन लाख लिटर पाणी ओढ्याकडे धावते. पुण्याखाली बसाल्ट असल्याने ते सगळीकडे सारखे मुरत नाही. खडकाला भेगा असतील किंवा तो झिजून मऊ झाला असेल, तिथेच वाट मिळते. म्हणून मुरवण्याच्या जोडीला पाणी काही तास थोपवून धरायला हवे. एक एकराचे मैदान फूटभर खोल केले, तर त्यात बारा लाख लिटर मावते, म्हणजे सहा एकर काँक्रीटवरचे तेवढेच पाणी. नेदरलँड्समधील रॉटरडॅमने २०१३ मध्ये बेंथेमप्लाइन चौकात हेच केले. तिथले बास्केटबॉलचे मैदान मोठ्या पावसात तळे होते, पाणी ओसरले की पुन्हा खेळायला मोकळे.

पाण्याला जागा आपण नेमून दिली नाही, तर ते स्वतःच शोधते. नवा फ्लॅट बघताना बाल्कनीतून नदी दिसते का, हे जरूर विचारा. पण त्याआधी मीटर किती उंचीवर आहेत ते विचारा.